पडद्यापलीकडचा आवाज

गंभीर आजारी माणसाला नैतिक कर्तव्य असते काय? सेमिनरीत असताना हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नाही आणि आम्हीही कोणाला विचारला नाही. नीतिशास्त्राच्या तासाला रुग्णासंबंधी जे शिकलो ते बहुतेक इतरांच्या कर्तव्यांविषयी होते. वैद्याने काय करावे, नातलगांनी काय करावे, धर्मगुरूने तेल घेऊन किती तातडीने निघावे, ह्याची चर्चा भरपूर झाली. १९५७ साली पोप पायस बारावे ह्यांनी भूलतज्ज्ञांपुढे एक प्रसिद्ध भाषण केले. जीव वाचवण्याच्या सामान्य आणि असामान्य उपायांतला भेद त्यात सांगितला आहे. ते भाषण आम्ही परीक्षेपुरते पाठच केले होते. पण तेथेही रुग्णाचे कर्तव्य म्हणून जे येते ते स्वतःचा जीव योग्य उपायांनी राखण्यापुरते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे आपण काही देणे लागतो काय, हा विषय पुस्तकात नव्हता. तो आम्हाला २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यातील एका रात्री भेटला, आणि अजून सोडून गेलेला नाही.

त्या वेळी आमची पन्नाशी नुकतीच उलटली होती. रात्री दोनच्या सुमारास छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटून जाग आली. डावा हात खांद्यापासून बधिर, अंगाला दरदरून घाम. आपल्याकडचा पुरुष अशा वेळी करतो तेच आम्ही केले. पित्त झाले असेल असे म्हणून थंड दूध प्यालो आणि अर्धा तास फुकट घालवला. (वाचकांतील पुरुषवर्गाने ह्या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. हृदयाच्या झटक्यात त्या अर्ध्या तासाची किंमत फार मोठी असते.) शेवटी भिंत धरून सहायक धर्मगुरूंचे दार ठोठावले. त्यांनी आमचा चेहरा पाहिला, अंगावर पांढरा झगा चढवला, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याला उठवले. पाऊस कोसळत होता. रस्त्यात पाणी साचले होते. रिक्षा खड्ड्यात गेली की छातीतला पाटा हले. रिक्षावाला एकही शब्द बोलत नव्हता. फक्त प्रत्येक खड्ड्याआधी मान मागे वळवून आमच्याकडे पाहत होता.

रुग्णालयाचे नाव येथे देत नाही. ते वाईट रुग्णालय नव्हे. आमचा जीव तेथेच वाचला.

तातडीच्या विभागात शिरताच रात्रपाळीच्या परिचारिकेने आम्हाला ओळखले. कित्येक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही तिला प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले होते. ‘फादर’ एवढेच ती म्हणाली आणि पुढची सारी चक्रे फिरली. खाट, प्राणवायू, छातीला चिकटवलेल्या तारा, कागदाची ती लांब पट्टी, चावून खायला दिलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी, हाताच्या शिरेत सुई. बनियन कात्रीने कापली. एका तरुण डॉक्टरने पट्टीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळले की हे पित्त नव्हे. आजवर शेकडो आजाऱ्यांच्या उशाशी आम्ही बसलो होतो. पण आजारी माणूस डॉक्टरचे शब्द ऐकत नाही, त्याच्या भुवया वाचतो, हे त्या खाटेवर पाठ टेकेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते.

सहायक धर्मगुरूंनी तेथेच आम्हाला रुग्णाभ्यंगाचा साक्रामेंत दिला. त्यांचा अंगठा थरथरत होता. ज्या तेलाने तेवीस वर्षे आम्ही इतरांची कपाळे माखली ते आमच्या कपाळावर गार लागले. वाचकांना वाटेल की अशा वेळी धर्मगुरूचे मन प्रार्थनेने भरून येत असेल. खरे सांगायचे तर आम्हाला ‘नमो मरिये’ही पुरती आठवेना. छतावरची एक दांडी लुकलुकत होती. ती बंद पडली तर आपणही जाऊ, अशी एक मूर्ख कल्पना डोक्यात बसली, आणि आम्ही तिच्यावर नजर लावून पडून राहिलो.

आमच्या डाव्या हाताला एक हिरवा पडदा होता. त्याच्या फटीतून एक मोकळी खाट दिसत होती. पलीकडे दाराजवळ पैसे भरण्याची खिडकी असावी, कारण तेथून आवाज येत होते. एका बाईचा आवाज होता. तिचा मुलगा रात्री जमिनीवर झोपला होता. उठला तो पोटात दुखते म्हणून रडत, आणि आता त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या. काही चावले का, असे कोणी विचारले. तिला माहीत नव्हते, खूण दिसत नव्हती. मग खिडकीतला आवाज आला, आधी दहा हजार अनामत भरा, किंवा सरकारी दवाखान्यात न्या. बाई म्हणाली, सकाळी आणून देते. खिडकीने तेच पुन्हा सांगितले. बाईनेही तेच पुन्हा सांगितले. ती ओरडत नव्हती. ओरडून उपयोग नसतो हे ज्यांना लहानपणापासून कळलेले असते त्यांचा तो आवाज होता. आपल्या पट्ट्यात पूर्वेच्या डोंगराकडून शेतमजुरीला येणाऱ्या बायांचा हा आवाज आपण सर्वांनी ऐकलेला आहे.

आमच्याकडे त्या क्षणापर्यंत कोणीही अनामत मागितली नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत कोणी मागितलीही नाही.

आता जे लिहायचे आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. आम्हाला बोलता येत होते. त्याच पाच मिनिटांत आम्ही पाणी मागितले होते आणि डॉक्टरला औषधाची अ‍ॅलर्जी नसल्याचे सांगितले होते. ‘त्या बाईचे पैसे आम्ही देतो,’ हे पाच शब्दांचे वाक्य होते. ते उच्चारायला लागणारा श्वास आमच्यापाशी होता. परिचारिका आमच्या शब्दाखातर धावली असती, हे आम्हाला त्याही अवस्थेत पक्के ठाऊक होते. पण आम्ही बोललो नाही. का? बोललो तर डॉक्टर आपल्याला सोडून पडद्यापलीकडे जाईल, अशी भीती वाटली म्हणून. हा विचार अंधुकपणे आला असे म्हणायला बरे वाटेल. तो अंधुक नव्हता. छातीतल्या वेदनेइतकाच स्पष्ट होता. काही वेळाने पलीकडचा आवाज थांबला.

रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लागू पडले. दुसऱ्या दिवशी आम्हाला मुंबईला हलवले, तेथे रक्तवाहिनीत जाळी बसवली, आणि दहाव्या दिवशी आम्ही धर्मगुरुनिवासात परतलो. पुढे त्या परिचारिकेकडून कळले ते एवढेच की मुलाला घेऊन ती मंडळी निघून गेली. तिचाही आवाज सांगताना पडला होता. खिडकीवरचा नियम तिचा नव्हता.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा दंशाची खूण सापडत नाही, वेदना किंवा सूजही फारशी नसते. मग पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि पुढे श्वासाचे स्नायूच थकतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चारही सापांवर चालणारी लस आपल्याकडे आहे. मुंबईची हाफकिन संस्था ती तयार करण्यासाठी नावाजलेली आहे. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य मिळते. पण लस मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही श्वास चालू ठेवणारे यंत्र व माणूस जवळ असावे लागते. हे सारे आम्ही नंतर वाचून काढले. त्या रात्री मुलाला मण्यारच चावली होती की आणखी काही, हे आम्ही ठामपणे सांगू शकत नाही. सांगू शकतो ते इतकेच, की पडद्यापलीकडचे दुखणे आमच्याहून कमी घाईचे नसावे.

कायदा ह्याबाबत मुका नाही. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, प्राण वाचवणे हे त्याचे पहिले बंधन आहे. त्या खटल्यामागे एक स्कूटरस्वार होता. अपघातानंतर त्याला एका रुग्णालयाने वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवले आणि तो वाटेत गेला. पुढे १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराचा निकाल लागला. तो गाडीतून पडला होता, डोक्याला मार होता, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालये त्याला परत पाठवत राहिली. शेवटी खाजगी रुग्णालयात त्याने सुमारे सतरा हजार रुपये खर्चून जीव वाचवला. न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली आणि पैशाची चणचण हे कारण सरकारला सांगता येणार नाही असे बजावले. आपल्या राज्यात २०२१ सालच्या नियमांनी खाजगी रुग्णालयांनाही रुग्णांच्या हक्कांची सनद लावणे भाग पाडले आहे. सनद भिंतीवर असते. बाई मात्र खिडकीसमोर उभी असते, आणि रात्री अडीच वाजता तिला भिंत वाचून दाखवायला कोणी नसते.

आमची ही टोचणी आम्ही तीन ठिकाणी बोलून दाखवली. तिन्ही ठिकाणी सांत्वन मिळाले, आणि तिन्ही सांत्वने थोडी थोडी आखूड पडली.

पहिले त्या तरुण डॉक्टरचे. तो म्हणाला, फादर, तुम्हालाच आधी घ्यायला हवे होते, मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत होता. हे खरे आहे. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य लारे ह्याने रणांगणावर एक शिस्त घालून दिली. जखमींचा हुद्दा पाहायचा नाही, आपला की शत्रूचा तेही नाही, जखम किती गंभीर ते पाहायचे. आजच्या तातडीच्या विभागांतली क्रमवारी त्याच शिस्तीतून आली आहे, आणि ती आम्हाला मान्य आहे. रांगेत मागे राहणारा अन्याय सोसतोच असे नाही. पण त्या मुलाला मागे ठेवले नव्हते, रांगेतूनच काढले होते. त्याला पाहून मग थांबवले असते तर ती क्रमवारी झाली असती. त्याला कोणी पाहिलेच नाही, आणि पडद्याच्या फटीतून दिसणारी खाट मोकळी होती. आम्ही आधी होतो ह्याचे कारण आमचे हृदय. पण आम्ही आत होतो आणि तो बाहेर, ह्याचे कारण पांढरा झगा व एक ओळखीची परिचारिका. ही दोन कारणे एकमेकांत मिसळून टाकली की मन शांत होते. म्हणूनच ती मिसळू नयेत.

दुसरे सांत्वन आमच्या पापनिवेदकांचे. ते वृद्ध आहेत, आणि त्यांनी आमचे कुमसार शांतपणे ऐकून घेतले. ह्यात पाप दिसत नाही, असे ते म्हणाले. भीतीने माणसाची जबाबदारी उणी होते. ही शिकवण ख्रिस्तसभेची आहे आणि आम्ही ती इतरांना शेकडो वेळा सांगितली आहे. पण संत थॉमस अक्वायनस ह्यांनी भीतीने केलेल्या कृत्याविषयी अधिक बारीक विचार केला आहे. ॲरिस्टॉटलचे उदाहरण त्यांच्यापुढे होते: वादळात सापडलेला तांडेल जहाजातला माल समुद्रात फेकतो. एरवी कोणी माल फेकत नाही, म्हणून ते इच्छेविरुद्ध. पण त्या क्षणी फेकणारा हात त्याचाच, म्हणून ते इच्छेनेच. असे कृत्य मिश्र असते, आणि त्यातला इच्छेचा अंश अधिक, असे संत थॉमस म्हणतात. आमच्या किनाऱ्यावरच्या कोणाही वयस्क तांडेलाला हे पुस्तकावाचून समजेल. आमचे मौनही मिश्र होते. फेकला गेला तो मात्र माल नव्हता.

तिसरे सांत्वन आपल्या धर्मग्रामस्थांचे, आणि त्याच्याविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो. आम्ही परतल्यावर त्यांनी आभाराची मिस्सा ठेवली. माणसे भेटत, हात हाती घेत आणि म्हणत, फादर, देवाने तुम्हाला आमच्यासाठी राखले. त्यांच्या डोळ्यांत पाणी असे. ह्या प्रेमाला आम्ही उणा शब्द काढणार नाही. पण देवाने आम्हाला राखले, तर मग पडद्यापलीकडे देव काय करत होता? ज्याची ओळख आहे त्याला आधी आत घेणारी जी रीत आपल्या कचेऱ्यांत, शाळाप्रवेशांत, रुग्णालयांत चालते, तीच आपण नकळत स्वर्गातही नेऊन बसवली आहे काय? कृपा म्हणजे वरच्या दरबारातला वशिला, असे तर आम्ही इतकी वर्षे वेदीवरून शिकवत आलो नाही ना? आभार मानावेत. जीव परत मिळाल्यावर जो आभार मानत नाही तो दगडच. पण ‘मला’ आणि ‘राखले’ ह्या दोन शब्दांच्या मध्ये ‘त्याला नाही’ हे शब्द दडलेले असतील, तर ते आभार कोणाच्या कानी जात असतील, ह्याची आम्हाला शंका आहे.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्ही निदान वीस प्रबोधने केली असतील. याजक आणि लेवी ह्यांची आम्ही दरवेळी यथेच्छ हजेरी घेतली. त्या रात्रीनंतर मात्र आमचे लक्ष त्या कथेतल्या एका माणसाकडे गेले ज्याच्यावर आम्ही कधी एक वाक्यही खर्चले नव्हते. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी त्याच्या हाती दोन दिनार ठेवतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, तेव्हा ही दोन दिवसांची मजुरी झाली. अर्धमेल्या माणसाच्या शुश्रूषेला ती किती पुरणार? उरलेले परत येताना देईन, असे तो म्हणतो. म्हणजे चक्क, सकाळी आणून देते, असेच म्हणतो. आणि रक्षक ते मान्य करतो. बोलणारा परजातीचा, घरदार ठाऊक नाही, परत येईल ह्याला जामीन नाही. तरी त्याने जखमीला आत घेतले, असेच आपण समजतो. त्याने नकार दिला असता तर दाखला तेथेच मोडला असता. वाटेवरची करुणा दाराशी येऊन थांबते आणि दार उघडणारा लागतो. आज त्या दारांपैकी पुष्कळ दारे आपल्या हाती आहेत. आपल्या समाजात परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, रुग्णालयांच्या कार्यालयांत खिडकीमागे बसणारी आपली मुले आहेत. त्यांच्या नोकरीला नियम असतात, घराला हप्ते असतात, आणि नियम मोडल्याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो, हे आम्ही जाणतो. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार, निदान ह्या विषयात, आमच्यापाशी उरलेला नाही.

मग आरंभीचा प्रश्न. पापनिवेदकांचे म्हणणे आम्ही स्वीकारले आहे, दोष नसेल. पण दोष नसतानाही देणे असू शकते. वडिलांनी काढलेल्या कर्जात मुलाचा दोष नसतो, तरी तो ते फेडतो आणि गाव त्याला योग्यच मानते. रुग्णांचे आश्रयदाते संत कामिल्लस ह्यांचे चरित्र आम्ही त्या दिवसांत पुन्हा वाचले. पायाच्या न भरणाऱ्या जखमेसाठी ते रोमच्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात रुग्ण म्हणून गेले होते. जुगारी आणि भांडकुदळ होते. पुढे तेथल्या चाकरांची बेपर्वाई पाहून त्यांनी स्वतःच शुश्रूषा हाती घेतली आणि तिला वाहिलेला संघ उभारला. १६१४ साली ते वारले. पाय चालेनासा झाल्यावरही ते अंथरुणावरून उठून, लागले तर सरपटत, शेजाऱ्याला काय हवे ते विचारायला जात, असे सांगतात. हे वाचून आम्हाला धीर आला नाही, लाजच वाटली. पण एक गोष्ट समजली. आजाराने शक्ती जाते, माणूसपण जात नाही. आणि माणूसपण शिल्लक आहे म्हणताना त्याबरोबर येणारे देणेही शिल्लक धरावे लागते. रुग्णाला कर्तव्यातून पूर्ण मुक्त करणे म्हणजे दयेच्या नावाखाली त्याला खाटेइतकेच निर्जीव ठरवणे आहे. शक्तीच्या प्रमाणात कर्तव्य कमी होते, कधी एका वाक्याइतके कमी. त्या रात्री आमच्या वाट्याला तेवढे एकच वाक्य आले होते.

आता रिक्षावाल्याविषयी. तो कोण्या प्रांताचा, कोण्या धर्माचा, हे येथे लिहिले तर वाचक लगेच ते दाखल्याशी जुळवून मोकळे होतील, म्हणून लिहीत नाही. आम्हाला उतरवल्यावर तो परतला नव्हता. फादरांचे काय होते ते कळावे म्हणून दारातच उभा होता. मुलाला पाठीशी घेऊन बाई बाहेर आली तेव्हा त्याने तिला बसवले आणि पावसातून सरकारी रुग्णालयात नेले. तेथल्या डॉक्टरने मुलाला पाहताच आत घेतले, असे त्याने आम्हाला दोन महिन्यांनी सांगितले. तोवर ही हकीकत त्याने कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारली नव्हती. पहाटे त्याला शाळेच्या मुलांची फेरी होती, म्हणून तो निघाला. आम्ही स्वतः त्या रुग्णालयात चौकशीला गेलो. मुलाला त्याच सकाळी श्वासाच्या यंत्रासाठी मुंबईला पाठवल्याचे एका कर्मचाऱ्याला आठवत होते. नाव, गाव, पुढे काय झाले, काही मिळाले नाही. मिस्सेत मृतांसाठी प्रार्थना करताना त्याला त्यात धरावे की जिवंतांत, हे आम्हाला आजही ठरवता येत नाही. आम्ही त्याला दोन्हींत धरतो.

रिक्षावाल्याला आम्ही विचारले, त्या बाईकडून भाडे किती घेतलेस? तो म्हणाला, तिच्याकडे कुठले? मग थोडा घुटमळला आणि म्हणाला, फादर, तुमच्या फेरीचेही राहिलेच आहे. त्या गडबडीत आम्ही व सहायक धर्मगुरू दोघेही विसरलो होतो. आम्ही दोन्ही फेऱ्यांचे पैसे त्याच्यापुढे ठेवले. त्याने आमच्या फेरीचे मोजून घेतले, बाकीचे टेबलावर ठेवले आणि रिक्षा चालू करायला गेला.